आमचा पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर

दागिन्यांच्या डाय बनवणाऱ्या घरात किस्से लवकर साठतात. कारण साधं आहे. दिवसभर हात आणि डोळे कामात अडकलेले असतात, तोंड मात्र मोकळं असतं. चिंचणीत आमच्या पडवीत सकाळी नऊला हातोडीची टकटक सुरू होते आणि तिच्याबरोबर गप्पाही. कोण काय म्हणालं, कुणाची कशी फजिती झाली, हे सगळं तिथंच ऐकायचं, तिथंच घासूनपुसून चकचकीत करायचं आणि चहाच्या वेळी येणाऱ्याला पुन्हा ऐकवायचं. पूर्वी हे किस्से गिऱ्हाइकांचे असायचे. गेले दोन उन्हाळे मात्र कॉम्प्युटरचेच चालतात. त्यातले बरेचसे माझ्यावरचे आहेत, म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

मी हर्षला. माहेर बोईसरचं. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, तारापूर एमआयडीसीत एका ड्रॉइंग ऑफिसात चार वर्षं नोकरी केली आणि लग्न होऊन चिंचणीला आले. माझे सासरे हरेश्वरभाई. आम्ही घरात त्यांना बाबा म्हणतो. ते उभा जन्म हातानं डाय कापत आलेत. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी साचा. ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, त्यावर पातळ पत्रा ठेवून दाबला की पान, फूल, मोर, जे हवं ते उठतं. आता बरीचशी कामं मशीनवर होतात. त्यासाठी लागणारं कॉम्प्युटरचं काम मी करते. पडवीच्या एका टोकाला बाबांची बैठक, दुसऱ्या टोकाला माझं टेबल. मधे दहा फूट अंतर, पण हे दहा फूट पार करायला आम्हा दोघांना बरीच वर्षं लागली.

*

मे महिन्यातली गोष्ट. मुंबईच्या एका शेठना हाराच्या सेटची चित्रं पाठवायची होती. डाय कापायच्या आधी दागिना कसा दिसेल ते कॉम्प्युटरवर हुबेहूब काढून दाखवायचं असतं. एकेका चित्रासाठी कॉम्प्युटर तासन्‌तास राबतो. माझा कॉम्प्युटर सेकंडहँड, वर पत्रा, आणि पडवीत भट्टीसारखी गरमी. भर दुपारी स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू केला, पाऊण काम झालं, पुन्हा काळी. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा शेठचा फोन आला.

"बेन, संध्याकाळपर्यंत आलं तर ठीक. नाहीतर माणसं दुसरीकडं पण आहेत."

मी फोन ठेवला. पलीकडे बाबा एका ठोकळ्याला पाणी देत होते, म्हणजे लालभडक तापवलेलं पोलाद तेलात बुडवून कडक करत होते. चर्रर्र आवाज झाला. माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "आमचं पोलाद तापलं की आमी त्याला बुडवतो. तू पन तुज्या खोक्याला बुडव."

पडवीत बसलेले सगळे हसले. मीही हसले, कारण रडण्यापेक्षा ते बरं.

तो सेट कसाबसा गेला. सासूबाईंनी पत्र्यावर गोणपाट टाकून बादल्या ओतल्या, मी खोक्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला, आणि पाचच्या सुमाराला शेवटचं चित्र पाठवलं. पण बाबांचा तो टोमणा डोक्यातून जाईना. मोबाइलवर शोधलं तर लोक खरंच हे करतात. बुडवत नाहीत, पण तांब्याचा एक पोकळ ठोकळा प्रोसेसरवर बसवून त्यातून पाणी फिरवतात. गरम झालेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथं पंखा त्याला गार करतो आणि ते पुन्हा ठोकळ्यात येतं. तयार किटही मिळतं. त्याची किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेतली. म्हटलं, ड्रॉइंग ऑफिसात चार वर्षं रेघा ओढल्यात, त्या काही नुसत्या पगारासाठी नाही.

*

रेडिएटर शोधायला मी बोईसरला भंगारवाल्याकडं गेले. मोडीत निघालेल्या गाड्यांत केबिन गरम करायचा एक छोटा रेडिएटर असतो, वहीएवढा. आपल्या हवेत त्याला कुणी विचारत नाही. तो कॉम्प्युटरला अगदी बरोबर बसतो असं मी वाचलं होतं.

भंगारवाले चाचा खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, "कौनसी गाडी के लिए चाहिए, मॅडम?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर के लिए."

चाचांनी क्षणभर विचार केला. मग शांतपणे म्हणाले, "कौनसे साल का मॉडल है?"

त्यांनी चेष्टा केली की खरंच विचारलं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी मॉडेलचं साल सांगितलं आणि त्यांनी मागच्या ढिगाकडं बोट केलं.

ढिगात सात-आठ रेडिएटर होते. बहुतेक अॅल्युमिनियमचे. मला तांबं-पितळेचा हवा होता, कारण माझा ठोकळा तांब्याचा असणार होता. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम ठेवलं की अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. वरून सगळे सारखेच काळे दिसत होते. मी पर्समधून बाबांची छोटी कानस काढली आणि एकेकाचा कोपरा घासत गेले. पांढरा, पांढरा, पांढरा. सहावा पिवळाधमक निघाला.

तोवर चाचा खुर्चीतून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. कानशीकडं बघून म्हणाले, "मॅडम तो अपनी ही लाइन की निकली."

बोईसर ते चिंचणी रिक्षात तो काळा, तेलकट डबा मी मांडीवर घेऊन बसले होते. साडी खराब झाली, पण मान ताठ होती.

*

आता माझे यजमान. मितेश तारापूरच्या एका कारखान्यात युटिलिटी खात्यात आहे. म्हणजे अख्ख्या कारखान्याला गार पाणी पुरवणारे पंप, चिलर, कूलिंग टॉवर, हे सगळं त्याच्या खात्याकडं. मी केलेलं ड्रॉइंग त्यानं बघितलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "हे आमच्या प्लँटचंच ड्रॉइंग आहे. फक्त प्लँट बुटांच्या खोक्यात बसवलाय."

त्यानं रेडिएटर आतून धुऊन घेतला, एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि बादलीत बुडवला. बुडबुडे आले, तीन ठिकाणी. ती भोकं डाग देऊन बुजवायला आम्ही किनाऱ्यावरच्या मुरबे गावी लक्ष्मणकाकांकडं गेलो. काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. बाबांचे जुने मित्र. इंजिन गार कसं ठेवायचं हे त्यांच्याइतकं किनाऱ्यावर कुणाला कळत नसेल.

काकांनी डाग दिले आणि मग माझा कागद मागितला. बोटानं पाण्याची वाट चाचपत गेले आणि पंपापाशी थांबले.

"हा पंप वर कोनी ठेवला?"

"मी, काका. जागा तिथंच होती."

"जागा नाय बघायची. पानी बघायचं. टाकी वर, पंप खाली. पंपानं हवा धरली का पानी फिरत नाय आन् इंजिन जागच्या जागी धरतं. भर समुद्रात धरलं होतं माजं एकदा. दुसऱ्या होडीनं ओढून आनला मला. सगळं बंदर बघत होतं."

मी तिथंच खोडरबर मागितलं. त्यांच्या वर्कशॉपात खोडरबर कुठलं असणार? मग खडूनं फरशीवर नवीन आराखडा काढला. काकांना तो पटला. निघताना त्यांनी विचारलं, "तुजं ते मशीन किती सिलिंडरचं हाय?"

मी जरा विचार केला. प्रोसेसरला आठ कोअर होते. "आठ," मी म्हटलं.

काकांनी मान डोलावली. "आठ म्हंजे तापनारच."

*

आता खरा किस्सा, तांब्याच्या ठोकळ्याचा.

प्रोसेसरवर बसणारा हा ठोकळा म्हणजे सगळ्याचं हृदय. तळ आरशासारखा सपाट हवा आणि आतून बारीक बारीक चर हवेत, म्हणजे पाणी जास्तीत जास्त तांब्याला लागून जातं. मी वीस चर काढले होते. एक मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर खोल, दोन चरांमधली भिंतही एकच मिलिमीटर. वर पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण, मधे रबरी रिंग. ड्रॉइंग घेऊन मी एमआयडीसीतल्या तीन मशीनवाल्यांकडं गेले. तिघांनी एकच सांगितलं: एका पीससाठी मशीन लावत नाही. तिसरा तर म्हणाला, "ताई, शंभर करा, लगेच देतो." शंभर ठोकळे घेऊन मी काय चिंचणीभर वाटत फिरणार होते?

घरी येऊन कागद टेबलावर टाकला आणि आत जाऊन बसले. बाहेर आले तर कागद टेबलावर नव्हता. तो बाबांच्या बैठकीवर होता आणि बाबा त्यावर भिंग धरून बसले होते.

"या रेघा कशापायी?"

मी समजावलं. पाणी इथून येतं, इथं पसरतं, या गल्ल्यांतून जातं, इथून बाहेर पडतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. भिंत पातळ झाली तर चालेल का? आणि तळ किती जाड राहायला हवा? दोन्ही प्रश्न असे होते की ड्रॉइंग ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारले असते तर मी नोट्स काढल्या असत्या.

"तांबं कधी कापलंय का, बाबा?"

"पोलाद कापलं जन्मभर. तांबं मऊ हाय. मऊ वाईट. छिन्नीला चिकटतं." एवढं बोलून त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हाताच्या डायची कामं कमी झाल्यापासून बाबा सकाळी बैठकीवर बसायचे, दिवा लावायचे, हत्यारं पुसायचे आणि दिवा मालवून उठायचे. कधी एखादी जुनी डाय दुरुस्तीला यायची, तेवढंच. त्यांच्या कामाचा बराचसा भाग दहा फुटांवरच्या माझ्या टेबलावर आला होता. ते आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

पहिला तुकडा सहाव्या चराला बिघडला. छिन्नी चिकटली, घसरली आणि मधली भिंत वाकली. बाबा तुकडा बाजूला ठेवून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी दोन नव्या छिन्न्या बनवल्या होत्या, धार वेगळ्याच कोनात घासलेली, आणि शेजारी वाटीत साबणाचं पाणी. छिन्नी पाण्यात बुडवायची, एक हलका ठोका, पुन्हा बुडवायची. रोज दोन चर, जास्त नाही. दहा दिवस पडवीत तेवढा एकच आवाज होता. मी माझं काम करायची, पण कान तिकडं. ठोका चुकला की मला कळायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "हर्षला, पानी येतं तिथं तू चौकोनी कोपरा काढलाय. कोपऱ्यात पानी नुसतं घोटाळत राहील. डायमध्ये असा कोपरा ठेवला का पत्रा अडकतो. गोल करू का?"

त्यांनी मला विचारलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये बदल करायचा म्हणून परवानगी विचारली. मी म्हटलं, "करा, बाबा," आणि आत जाऊन उगाचच पाणी प्यायले.

चर झाल्यावर तळ. सपाट काचेवर निळी शाई पुसायची, त्यावर तुकडा टेकवायचा, जिथं शाई लागेल तो उंचवटा, तेवढाच घासायचा. असं किती वेळा केलं, मोजलं नाही. मी म्हटलं, "बाबा, आता दिसत नाही काही, झालं असेल."

ते तळावरून अंगठा फिरवत म्हणाले, "डोळ्याला दिसत नाय ते बोटाला लागतं." आणि आणखी दोन दिवस घासत राहिले.

शेवटी त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा त्यात मला माझी टिकली स्पष्ट दिसली.

*

बाकी सामान साधंच. नळ्या म्हणजे गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, हार्डवेअरच्या दुकानातून. पंप बारा व्होल्टचा, छोटासा. टाकी म्हणून सासूबाईंची काचेची बरणी. ती मागताना मी फार आढेवेढे घेतले. आई म्हणाल्या, "घे ना. लोनचं काय, प्लास्टिकमध्ये पन राहतं." मग बरणी देता देता म्हणाल्या, "पन झाकनाला भोक पाडताना माज्या समोर पाड. मना बघायचं हाय."

पहिल्या चाचणीला कॉम्प्युटर बंद ठेवला, पंप वेगळ्या अॅडॅप्टरवर लावला आणि खाली सगळीकडं वर्तमानपत्रं अंथरली. एक दिवस पंप नुसता फिरू द्यायचा. कागद कुठं ओला झाला तर गळती. बाबा, आई, मितेश, मुरब्याहून आलेले लक्ष्मणकाका, सगळे गोल करून बसले. पाणी नळीतून सरकत गेलं, ठोकळ्यात शिरलं, वीसच्या वीस गल्ल्यांतून पुढं गेलं. झाकण पारदर्शक, त्यामुळं दिसत होतं.

अर्ध्या तासानं कागदावर एक थेंब उमटला. बरोबर ठोकळ्याच्या खाली.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंग काढलं, ठोकळ्याला कान लावावा इतके जवळ गेले. "माजीच बाजू असनार," ते म्हणाले. "भिंत कुठंतरी फुटली."

मी पंप बंद केला, ठोकळा खोलला, मापं घेतली. बाबांच्या कामात केसाचाही फरक नव्हता. रबरी रिंग बसायचा चर मी ड्रॉइंगमध्ये गरजेपेक्षा खोल दाखवला होता. रिंग आत बुडत होती, दाबलीच जात नव्हती. गप्प राहून जाडी रिंग आणता आली असती. कुणाला कळलंही नसतं.

"बाबा, चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मी माप चुकीचं दिलं. तुम्ही दिलेल्या मापाला बरोबर कापलंय."

बाबांनी कागद घेतला, भिंगाखाली धरला, ते माप वाचलं. मग लक्ष्मणकाकांकडं वळून म्हणाले, "लक्ष्मन, एवढ्या वर्षांत माप देनारानं चूक कबूल केली, हे पहिल्यांदा बघतोय."

जाडी रिंग काकांच्याच खोक्यात निघाली, होडीच्या इंजिनाची. ती बसवली आणि दुसऱ्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत होता.

*

चालू केला त्या दिवशीचं फार सांगत नाही, कारण फुशारकी वाटेल. तरी सांगते. पूर्वी जिथं पारा शंभराला टेकून स्क्रीन काळी व्हायची, तिथंच, त्याच पत्र्याखाली, भर दुपारी, पूर्ण कामावर, आकडा सहासष्टवर थांबला. मी तीन तास बघत बसले. तो सहासष्टच राहिला. शेठना पुढच्या सेटची सगळी चित्रं एका दिवसात गेली. त्यांचा फोन आला, "बेन, नवीन मशीन घेतलं काय?"

"नाही शेठ," मी म्हटलं. "जुन्यालाच पाणी दिलं."

गावात मात्र बातमी वेगळीच पसरली. हर्षलाचा कॉम्प्युटर पाण्यावर चालतो, अशी. आठवड्याभरानं मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस पडवीत डोकावला, बरणी बघितली, फिरणारं पाणी बघितलं, मग मीटरकडं जाऊन बराच वेळ आकडा वाचत राहिला. परत येऊन जरा नाराजीनं म्हणाला, "मग युनिट तेवढेच कसे?"

*

मितेशला सवय कारखान्याची. त्यानं भिंतीवर एक तक्ता लावला: तारीख, पाणी जाताना किती गरम, येताना किती गरम, बरणीतली पातळी, शेरा, सही. कारखान्यात तो दर दोन तासांनी भरतात. घरी दिवसातून एकदा. मितेश ड्यूटीवर आणि मी कामात, म्हणून तो तक्ता आई भरायला लागल्या. सहीच्या रकान्यावर "शिफ्ट इनचार्ज" असं छापलेलं होतं. आईंनी त्याचा अर्थ विचारला आणि मितेशनं सांगितला. त्या दिवसापासून आई चष्मा लावून, पदर खोचून, रोज अकराला तिथं उभ्या राहायच्या.

बरणी खिडकीपाशी होती. महिन्याभरानं पाण्यावर हिरवट झाक आली. उन्हानं शेवाळ धरलं होतं. ज्या माणसाच्या खात्याकडं अख्ख्या कारखान्याचं पाणी स्वच्छ ठेवायचं काम, त्याच्याच घरातल्या बरणीत शेवाळ. मितेश ड्यूटीवरून आला तो थेट तक्त्यापाशी गेला. शेऱ्याच्या रकान्यात आईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"पाणी हिरवं. मितेशला सांगितलं होतं बरणी झाकायला. ऐकलं नाही."

खाली सही. शिफ्ट इनचार्ज.

मितेशनं पाणी बदललं, बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणून भरलं, बरणीला काळा कागद गुंडाळला आणि तक्त्यावर "काम पूर्ण" असं लिहून आईंची पुन्हा सही घेतली. त्यांनी आधी बरणीचा कागद उचलून आत बघितलं, मगच सही केली.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

बोईसरहून एक गृहस्थ आले. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. त्यांचाही कॉम्प्युटर तापून बंद पडतो. भंगारवाल्या चाचांनी त्यांना आमचा पत्ता दिला होता. त्यांनी माझं सगळं जुगाड नीट बघितलं, झाकणातून ठोकळा बघितला, मोबाइलचा टॉर्च लावून चर मोजले आणि सरळ बाबांच्या बैठकीसमोर जाऊन बसले.

"हरेश्वरभाई, मशीनवर पण असं होत नाही. मला असाच एक करून द्या."

बाबा एका तुकड्यावर काम करत होते. मान वर न करता म्हणाले, "नाय जमनार."

गृहस्थांना वाटलं, वेळेचा प्रश्न आहे. "घाई नाही. दोन महिने घ्या."

"येळ हाय मला. पन नाय जमनार."

मी माझ्या टेबलावरून ऐकत होते. मला काही समजेना. बाबांना काम हवं होतं. तांबंही हातात बसलं होतं. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. गृहस्थही गोंधळले. "माझं काही चुकलं का?"

तेव्हा बाबांनी हातोडी खाली ठेवली.

हातानं डाय कापणाऱ्यांत एक रीत आहे. डिझाइन ज्यानं आणलं, ते त्याचं. कारागिरानं ते दुसऱ्या कुणाला कापून द्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. या रीतीपायी बाबांनी मोठमोठी गिऱ्हाइकं परत पाठवलेली मी पाहिली आहेत. पण त्यांच्या लेखी डिझाइन म्हणजे हातानं बटर पेपरवर काढलेलं. मी कॉम्प्युटरवर जे करते त्याला ते प्रिंट म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून मी हाच शब्द ऐकत आले आहे. "हर्षलाची प्रिंट आली का?" "ती प्रिंट शेठला पाठवली का?"

"हे डिझाइन माजं नाय," बाबा त्या गृहस्थांना म्हणाले. "मी नुसतं कापलं. डिझाइन तिचं हाय. मालक हो बोलल्याशिवाय आमी दुसऱ्याला कापून देत नाय. तिला इचारा."

गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "ताई, मग काय म्हणता?"

मी बाबांकडं बघितलं. बाबांनी हातोडी उचलून पुन्हा ठोका सुरू केला होता. नजर तुकड्यावर, जणू पडवीत दुसरं काही चाललंच नव्हतं.

आतून आईंचा आवाज आला, "बसा हो भाऊ. मालकीन इचार करते हाय, तवर चहा घ्या."